एमबीएची जागा आणि विद्यापीठाचा क्रमांक : आदिवासी विकास आयुक्तांस खुले पत्र

मा. आयुक्त,
आदिवासी विकास, महाराष्ट्र राज्य, नाशिक
यांस सविनय



अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांना परदेशात शिकता यावे यासाठी राज्याचा आदिवासी विकास विभाग जी शिष्यवृत्ती देतो, तिच्या वर्षाकाठच्या दहा जागांपैकी दोन जागा दीर्घकाळ एमबीए, म्हणजे व्यवसाय व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदवी, या एकाच अभ्यासक्रमासाठी राखलेल्या होत्या. वैद्यकाला दोन, अभियांत्रिकीला दोन, विज्ञानाला एक, कृषीला एक, इतर विषयांना दोन आणि एमबीएला दोन अशी ती वाटणी होती. पुढे एकूण जागा वाढल्या, उत्पन्नाच्या आणि क्रमवारीच्या मर्यादाही वेळोवेळी बदलल्या. परंतु एमबीएसाठी विद्यार्थ्याने कोणती संस्था निवडावी आणि त्या निवडीची पारख शासनाने कशावरून करावी, हा प्रश्न मूळ योजनेत जसा सुटलेला नव्हता तसाच आजही आहे. प्रस्तुत पत्राचा विषय तेवढाच आहे, आणि तो नंदुरबार जिल्ह्याच्या बाजूने मांडलेला आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे राज्यात सर्वाधिक आहे. त्यामुळे या शिष्यवृत्तीचा नियम नाशिकमध्ये किंवा मंत्रालयात लिहिला जात असला तरी त्याची खरी कसोटी धडगाव, मोलगी, अक्कलकुवा, तळोदा आणि नवापूर या गावांत लागते. जिल्ह्याला कागदपत्रांचे वावडे नाही. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावातच वाटले गेले, आणि जमातीच्या दाखल्याची पडताळणी करणारी समितीही नंदुरबार शहरात आहे. अडचण कागदांची नसून कागदांनी मोजल्या जाणाऱ्या गोष्टींची आहे.

परदेशी बिझनेस स्कूलची निवड हा सर्वसाधारणपणे विद्यार्थ्याच्या आवडीचा आणि कुटुंबाच्या ऐपतीचा विषय मानला जातो. पुण्या-मुंबईतील नोकरदार कुटुंबातला तरुण चार-पाच संस्थांकडे अर्ज करतो, दोन ठिकाणी प्रवेश मिळाला की राहते घर तारण ठेवून बँकेचे कर्ज काढतो आणि त्यांतली एक संस्था स्वतः निवडतो. बँकांच्या सर्वसाधारण शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाख रुपयांच्या वरच्या रकमेसाठी मालमत्तेचे तारण लागते. सातपुड्यातील कुटुंबाकडे मालमत्ता म्हणजे जमीन, आणि आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ यांची बंधने आहेत. ज्यांच्याकडे वनपट्टा आहे, म्हणजे २००६ च्या वनहक्क कायद्याने कसण्याचा हक्क मान्य झालेली जमीन आहे, त्यांचा हक्क वारसाने पुढे जातो, पण त्याच कायद्याच्या कलम ४(४) नुसार तो विकता येत नाही किंवा कोणाच्या नावे करता येत नाही. ही बंधने योग्य कारणांसाठी घातलेली आहेत आणि ती सैल करावीत असे कोणी सुचवू नये. परंतु त्यांचा एक परिणाम असा की लंडन किंवा बोस्टन येथील शुल्कासाठी बँकेला चालेल असे तारण या कुटुंबांकडे राहत नाही. काही खाजगी वित्तसंस्था तारणाशिवाय कर्ज देतात, मात्र त्या सहकर्जदाराचे उत्पन्न पाहतात. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या बापाची सही त्या कागदावर चालत नाही. म्हणून येथील विद्यार्थ्यासाठी शिष्यवृत्ती हा अनेक मार्गांपैकी एक मार्ग नसून एकमेव मार्ग आहे, आणि तिच्या नियमात जी संस्था बसते तीच त्याची संस्था ठरते. व्यवहारात बिझनेस स्कूलची निवड विद्यार्थी करीत नाही. शासन निर्णयातले एक कलम करते.

ते कलम क्यूएस या लंडनस्थित खाजगी कंपनीकडून दरवर्षी प्रसिद्ध होणाऱ्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीचे आहे. या क्रमवारीत अमुक क्रमांकाच्या आत असलेल्या विद्यापीठातच प्रवेश मिळालेला असावा, अशी अट राज्याच्या परदेशी शिष्यवृत्त्यांत असते. क्रमवारी म्हणजे काय मोजले जाते, हे त्यासाठी पाहावे लागेल. २०२४ च्या आवृत्तीपासून या क्रमवारीत शंभरपैकी तीस गुण जगभरच्या प्राध्यापकांमधील प्रतिष्ठेला, पंधरा गुण नोकरी देणाऱ्यांमधील प्रतिष्ठेला, वीस गुण प्राध्यापकांच्या संशोधनाचे इतरांनी किती दाखले दिले याला आणि उरलेले गुण विद्यार्थी-प्राध्यापक प्रमाण, परदेशी विद्यार्थ्यांचा वाटा, शाश्वतता अशा घटकांना दिले जातात. हे सर्व मोजमाप संपूर्ण विद्यापीठाचे असते. एखाद्या विद्यापीठाचे वैद्यकीय संशोधन आणि पदार्थविज्ञान अव्वल असेल तर त्याचा क्रमांक वर जातो आणि त्याच आवारातले मध्यम दर्जाचे बिझनेस स्कूल त्या क्रमांकाच्या सावलीत बसते. उलट, या यादीत स्थान मिळण्यासाठी एकाहून अधिक विद्याशाखा आणि पदवीपूर्व अध्यापन असावे लागत असल्यामुळे, केवळ व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्था तिच्यात मुळी येतच नाहीत. फ्रान्समधील फॉन्तेनब्लो येथे १९५७ मध्ये स्थापन झालेली इन्सियाड, लंडन बिझनेस स्कूल आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथील आयएमडी या संस्था कोणत्याही जाणकाराच्या पहिल्या दहा-पंधरा नावांत असतात, पण जागतिक विद्यापीठांच्या त्या यादीत त्यांना क्रमांकच नसतो. ज्याला क्रमांक नाही तो दोनशेच्या आत आहे की तीनशेच्या, हे ठरवण्याचा प्रश्नच येत नाही. छाननीच्या टेबलावर असा अर्ज बाद होण्याचीच शक्यता अधिक. विशेष म्हणजे हीच क्यूएस कंपनी एमबीए अभ्यासक्रमांची निराळी क्रमवारी दरवर्षी प्रसिद्ध करते. मापे दोन उपलब्ध असताना आपल्या नियमाने कापड मोजायला धान्याचे माप घेतले आहे.

याला पर्याय म्हणून मान्यतेचा, म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञ मंडळाने संस्थेची तपासणी करून दिलेल्या प्रमाणपत्राचा, विचार करता येतो. बिझनेस स्कूलांना मान्यता देणाऱ्या तीन संस्था जगभर मानल्या जातात: अमेरिकेतील १९१६ पासूनची एएसीएसबी, ब्रिटनमधील १९६७ पासूनची अँबा आणि ब्रसेल्स येथील युरोपीय प्रतिष्ठानाची इक्विस. एएसीएसबी संपूर्ण संस्थेची आणि तिच्या प्राध्यापकवर्गाची तपासणी करते, इक्विसचा भर आंतरराष्ट्रीयतेवर आणि उद्योगांशी असलेल्या संबंधांवर असतो, तर अँबा एमबीए हा अभ्यासक्रमच तपासते. तिन्ही मान्यता असलेल्या संस्था जगात शंभराहून थोड्या अधिक असतील; भारतात आयआयएम कलकत्ता त्यांपैकी एक आहे. तथापि तिन्हींचा आग्रह धरणेही चुकीचे ठरेल, कारण हार्वर्डसह अनेक अमेरिकी संस्था केवळ एएसीएसबीवर समाधान मानतात. तिघींपैकी किमान एक मान्यता असावी, एवढी अट क्रमांकाच्या अटीहून अधिक अर्थपूर्ण आहे, आणि तपासायलाही सोपी आहे.

मान्यतेने संस्था कुचकामी नाही एवढे कळते. ती या विद्यार्थ्याच्या कामाची आहे का, हे कळण्यासाठी रोजगार अहवाल वाचावा लागतो. पदवी घेतलेल्या तुकडीतील किती जणांना, कोणत्या क्षेत्रात, किती वेतनावर काम मिळाले, याचा हिशेब बहुतेक चांगली बिझनेस स्कूले दरवर्षी प्रसिद्ध करतात. त्याच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘तीन महिन्यांत इतक्या टक्के विद्यार्थ्यांना नोकरी’ असे लिहिलेले असते, आणि खरा मजकूर तळटीपेत असतो. ही टक्केवारी बहुधा केवळ नोकरी शोधणाऱ्यांची असते. कंपनीने पाठवलेले आणि तिथेच परतणारे, स्वतःचा व्यवसाय काढणारे आणि ज्यांनी माहितीच दिली नाही असे सगळे छेदातून वगळलेले असतात. परदेशी विद्यार्थ्यांचा आकडा वेगळा दिला आहे का, हा दुसरा प्रश्न. तो दिलेला नसेल तर त्याचे कारण विचारावे. फायनान्शियल टाइम्स या दैनिकाची १९९९ पासून निघणारी एमबीए क्रमवारी पुष्कळ मानली जाते, परंतु तिच्यातही जवळजवळ एक-तृतीयांश वजन पदवीनंतरच्या पगाराला आणि पगारवाढीला असते, आणि पगाराची सरासरी काढताना सार्वजनिक व ना-नफा क्षेत्रात गेलेल्यांचे आकडे वगळण्याची पद्धत आहे. म्हणजे परतून एखाद्या सहकारी संस्थेचा कारभार हाती घेणारा पदवीधर त्या मोजणीत जवळजवळ अदृश्य असतो. अशा पदवीधरासाठीच ज्या विभागाची योजना आहे, त्याने त्या यादीवर विसंबणे कितपत बरोबर, याचा विचार व्हावा.

आता योजनेच्या अंतर्गत विसंगतीकडे वळावे लागेल, कारण सर्वाधिक नुकसान तिथे होते. एमबीए हा मुळात कामाचा अनुभव घेतलेल्यांचा अभ्यासक्रम आहे. नामांकित संस्थांत प्रवेश घेणाऱ्यांचा सरासरी अनुभव चार ते सहा वर्षांचा असतो, आणि अँबाच्या मान्यतेसाठी तर किमान तीन वर्षांच्या अनुभवाची अपेक्षाच असते. शिष्यवृत्ती मात्र कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या मर्यादेने बांधलेली आहे; केंद्र शासनाच्या अनुसूचित जमातींसाठीच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतही, जिच्या देशभरासाठी वर्षाला अवघ्या वीस जागा आहेत, ही मर्यादा सहा लाखांची आहे. नंदुरबारच्या महाविद्यालयातून बी.कॉम. झालेली एखादी पावरा मुलगी सुरतेच्या किंवा पुण्याच्या कंपनीत पाच वर्षे चांगले काम करून दर्जेदार बिझनेस स्कूलच्या दारापर्यंत पोचते, तेव्हा तिच्याच पगारामुळे तिचे कुटुंब त्या मर्यादेच्या बाहेर जाण्याची शक्यता असते. याच्या उलट, जी मर्यादेत बसते ती बहुधा नुकतीच पदवी घेतलेली असते, आणि तिला एमबीएला घेणारी संस्था बहुधा अनुभवाची पर्वा न करणारी, म्हणजे शुल्काची अधिक पर्वा करणारी असते. अशा संस्था मोठ्या विद्यापीठांच्या आवारातही असतात, त्यांचा विद्यापीठीय क्रमांक अटीत बसतो, आणि त्यांच्या वतीने शहरांत बसलेले सल्लागार प्रवेशामागे दलाली घेतात. पाच अर्जांच्या शुल्काची ऐपत नसलेला विद्यार्थी त्या सल्लागाराच्या मोफत सेवेकडे वळला तर त्याला दोष देता येणार नाही.

या विसंगतीतून सुटण्याचा एक मार्ग अभ्यासक्रमाच्या नावातच आहे. युरोपात नव्या पदवीधरांसाठी व्यवस्थापनातील एमएस्सी किंवा ‘मास्टर इन मॅनेजमेंट’ हा निराळा अभ्यासक्रम असतो, त्याला अनुभव लागत नाही आणि शुल्कही एमबीएच्या मानाने पुष्कळ कमी असते. जर्मनीतील मानहाइम या सार्वजनिक विद्यापीठात त्या देशातील सर्वांत नावाजलेल्या व्यवस्थापन विभागांपैकी एक आहे. ते ज्या जर्मन राज्यात आहे तिथे युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्रामागे १,५०० युरो एवढेच शुल्क आकारले जाते, आणि त्याच विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलचा एमबीए मात्र बाजारभावाने विकला जातो. हार्वर्डचे शिक्षणशुल्क एकट्या एका वर्षाला पाऊण लाख डॉलरांच्या पुढे गेलेले आहे आणि तिथला अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. नव्या पदवीधराला एमएस्सी आणि अनुभवी उमेदवाराला एमबीए, अशी दोन दारे योजनेत ठेवली, आणि अनुभवी उमेदवाराच्या बाबतीत त्याच्या स्वतःच्या पगाराऐवजी आई-वडिलांचे उत्पन्न पाहिले, तर एका शुल्कात अनेकजण शिकू शकतील आणि चुकीच्या संस्थेत जाण्याचे मुख्य कारणच नाहीसे होईल.

अध्यापनाची पद्धत हाही निवडीचा निकष आहे, जरी तो कोणत्याही क्रमवारीत नसतो. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलने केस पद्धत रूढ केली. तिच्यात एखाद्या प्रत्यक्ष व्यवसायापुढील पेचाचे दहा-वीस पानी वर्णन आदल्या रात्री वाचून यायचे आणि वर्गात त्यावर निर्णय सुचवून त्याचे समर्थन करायचे असते. तिथे वर्गातल्या बोलण्याला गुणांचा मोठा, काही विषयांत निम्म्यापर्यंतचा वाटा असतो. ज्या विद्यार्थ्याची घरची भाषा पावरी किंवा मावची, आश्रमशाळेची मराठी, बाजाराची अहिराणी आणि पदवीची इंग्रजी, त्याला नव्वद जणांच्या वर्गात हात वर करून तीस सेकंदांत इंग्रजीत मुद्दा मांडणे हे इंग्रजीच्या लेखी परीक्षेत चांगले गुण मिळवण्याहून फार वेगळे काम आहे. यावरून त्याने अशा संस्थेत जाऊ नये असे अनुमान काढणे चुकीचे होईल. लहान तुकड्या, प्रवेशापूर्वीचे भाषावर्ग, प्रकल्पांवर आधारलेले गुणांकन या गोष्टी पाहून संस्था निवडावी, आणि विभागाने प्रस्थानापूर्वी तीन-चार महिने नुसत्या वर्गचर्चेचा सराव करवून घ्यावा, एवढाच त्याचा अर्थ.

शिकायचे कशासाठी, हा प्रश्न नंदुरबारात तरी अमूर्त नाही. हिवाळ्यात शहराच्या कडेने मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या दिसतात. बाजार समितीत आलेली ओली लाल मिरची व्यापारी विकत घेतात आणि मोकळ्या जमिनीवर पसरून मजुरांकडून दिवसेंदिवस वाळवून, निवडून, देठ काढून घेतात. एखाद्या अवकाळी सरीने संपूर्ण पथारी काळी पडू शकते. वाळवणीची जोखीम कोणाची, ओल्या आणि सुक्या मालाच्या भावातील फरक कोणाच्या खिशात जातो, माल साठवून ठेवायला लागणारे खेळते भांडवल, म्हणजे खरेदी आणि विक्री यांच्या दरम्यान अडकून राहणारा पैसा, कोणाकडे आहे, या तीन प्रश्नांत एमबीएच्या पहिल्या सत्रातील निम्मा अभ्यासक्रम येतो. धडगाव आणि मोलगीकडे उन्हाळ्यात आमचूर होतो. कैऱ्या उतरवून बायका त्या सोलतात, फोडी करतात आणि खडकावर वाळवतात. फोड जितकी पांढरी तितका भाव अधिक, आणि पहिल्या वळवाच्या पावसाआधी माल विकावाच लागतो, कारण साठवायला जागा नाही. घाई ज्याला असते, भाव त्याच्या हातात नसतो. साठवणुकीची पावती तारण ठेवून कर्ज घेण्याची सोय देशात आहे, उत्पादकांनी कंपनी स्थापन करण्याची तरतूदही कंपनी कायद्यात २००२ पासून आहे, आणि आपल्याच विभागाचे सहकारी आदिवासी विकास महामंडळ १९७२ पासून नाशिकमध्ये आहे. उणीव आहे ती या तिन्ही गोष्टी एकत्र बांधून चालवू शकणाऱ्या माणसांची.

या कामाच्या दृष्टीने संस्था शोधू लागल्यास यादी पूर्णपणे बदलते. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन हे शेती आणि अन्न या विषयांत जगात अग्रगण्य मानले जाणारे विद्यापीठ, ऑक्सफर्डच्या सईद बिझनेस स्कूलमधील सामाजिक उद्योजकतेचे २००३ पासूनचे स्कोल केंद्र, अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची कृषी-व्यवसायाची परंपरा, मनिला येथे १९६८ मध्ये स्थापन झालेली एशियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट ही नावे मग समोर येतात. यांतली शेवटची संस्था, केवळ व्यवस्थापनाची असल्यामुळे, विद्यापीठांच्या क्रमवारीत बसत नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर काही विद्यार्थ्यांनी परदेशी जाऊच नये. नवापूरहून रेल्वेने सुरत आणि तेथून आणंद गाठता येते, जिथे व्हर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये ग्रामीण व्यवस्थापनाची इर्मा ही संस्था उभी केली. उत्पादकांच्या संघटनेचे अर्थकारण तिच्याइतके सखोल शिकवणाऱ्या संस्था परदेशात फारशा नाहीत. आयआयएममध्ये अनुसूचित जमातींसाठी साडेसात टक्के जागा आहेत. परदेशी शिष्यवृत्तीचा लक्ष्यांक भरला पाहिजे म्हणून इर्माला जाऊ शकणाऱ्या मुलाला दुय्यम ब्रिटिश एमबीएकडे ढकलले जात असेल, तर तो लक्ष्यांक भरला नाही तरी चालेल.

परदेशात नोकरी करून पुढे मार्ग काढू, या भरवशावर तर संस्था निवडूच नये. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरांचा आकार लावला, आणि ब्रिटनमध्ये पदवीनंतर राहण्याची दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना अठरा महिने होत आहे.

राहिला वेळापत्रकाचा भाग, जो तांत्रिक दिसतो आणि तसा नाही. बिझनेस स्कूले अर्ज फेऱ्यांमध्ये घेतात: पहिली फेरी सप्टेंबर-ऑक्टोबरात, दुसरी जानेवारीत, तिसरी वसंतात, जागा आणि संस्थेची स्वतःची आर्थिक मदत पहिल्या दोन फेऱ्यांत बहुतेक संपते. त्याआधी जीमॅट, म्हणजे गणित, भाषा आणि माहितीचे विश्लेषण तपासणारी प्रवेश परीक्षा, द्यावी लागते, जिचे शुल्क भारतात सुमारे पावणेतीनशे डॉलर आहे. प्रत्येक संस्थेचे अर्जशुल्क वेगळे, ते अनेकदा दोनशे डॉलरांच्या पुढे असते. प्रवेश मिळाल्यावर तो टिकवण्यासाठी काही आठवड्यांत परत न मिळणारी अनामत भरावी लागते. आपल्याकडे मात्र शिष्यवृत्तीचे अर्ज पुष्कळदा उन्हाळा संपता संपता मागवले जातात, त्यात विनाअट प्रवेशपत्र हवे असते, आणि निवड यादी परदेशातील सत्र सुरू होण्याच्या आसपास लागते. संस्था सहसा आधी सशर्त प्रवेश देते आणि पैशाची तजवीज दाखवल्यावर, अनामत भरल्यावर शर्त काढते. विभाग आधी विनाअट पत्र मागतो आणि मग पैशाची तजवीज करतो. दोघेही दुसऱ्याने आधी पाऊल टाकावे म्हणून थांबतात. मधल्या दरीवर पूल बांधण्याचे काम ज्याच्या खिशात पैसे आहेत तोच करू शकतो, आणि त्यामुळे उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांपैकी जो सर्वांत गरीब असतो तो गळतो. ब्रिटनच्या व्हिसासाठी शासनाचे पुरस्कारपत्र बँकेतील शिल्लक रकमेच्या जागी चालते. तसे तात्पुरते पत्र फेब्रुवारीत देता आले तर अर्धा प्रश्न सुटतो.

परतण्याचा विषय काढल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध परदेशी शिष्यवृत्ती नंदुरबारच्या शेजारच्याच संस्थानाने दिली होती. नवापूरच्या पलीकडचे सोनगड आणि व्यारा हे तेव्हाच्या बडोदा राज्याचे भाग होते, आणि त्या राज्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर यांना कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता मंजूर केली. तिच्या बदल्यात दहा वर्षे राज्याची सेवा करण्याचा करार होता. १९१७ मध्ये ते करारानुसार बडोद्यात रुजू झाले, आणि त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले गेल्यावर थोड्याच दिवसांत त्यांना नोकरी सोडावी लागली. त्या शिष्यवृत्तीने देशाला काय मिळाले ते सर्वांना ठाऊक आहे. परंतु करार म्हणून पाहिल्यास तो फसला, आणि तो विद्यार्थ्याने मोडला नव्हता. पाठवणाऱ्या राज्याने परतणाऱ्यासाठी जागा तयार केली नव्हती. हमीपत्र लिहून घेणे सोपे असते. आदिवासी विकास महामंडळात, शबरी वित्त महामंडळात आणि जिल्ह्यातील उत्पादक कंपन्यांत अशा पदवीधरासाठी निश्चित कालावधीची, निर्णयाचे अधिकार असलेली पदे आधी निर्माण झाली, तर हमीपत्राची गरज कमीच पडेल.

वेळापत्रकाच्या अडचणीवर एक तयार उदाहरणही आहे. झारखंड सरकार ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या जयपालसिंह मुंडा यांच्या नावाने परदेशी शिष्यवृत्ती देते आणि २०२२ मध्ये तिच्या काही जागांसाठी ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग योजनेशी त्याने करार केला. ज्या यंत्रणेला अर्जांची छाननी आणि वेळापत्रक आधीच जमले आहे तिच्याशी हात मिळवण्याचा तो मार्ग महाराष्ट्रालाही मोकळा आहे.

तेव्हा आपणास विनंती अशी की, एमबीएच्या जागांपुरती विद्यापीठीय क्रमांकाची अट काढून तिच्या जागी मान्यता आणि प्रसिद्ध रोजगार अहवाल या दोन गोष्टी घ्याव्यात, नव्या पदवीधरांसाठी व्यवस्थापन आणि कृषी-व्यवसायातील एमएस्सीला त्याच जागांवर वाव द्यावा, अनुभवी उमेदवाराचा स्वतःचा पगार उत्पन्नात धरू नये, आणि परीक्षा, अर्ज व अनामत यांचा खर्च निवडीपूर्वी देण्यासाठी नंदुरबार व तळोदा येथील प्रकल्प कार्यालयांकडे लहानसा निधी सोपवावा. यांतले काहीच या वर्षी होण्यासारखे नसेल तर निदान जाहिरात दिवाळीपूर्वी काढून ती धडगाव, मोलगी आणि अक्कलकुवा येथील वसतिगृहांच्या फलकांवर लावावी. बहुतेक नामांकित बिझनेस स्कूलांच्या दुसऱ्या फेरीची मुदत जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात संपते.